पाच ओळींची बातमी

तिचं काम काय आहे हे एका दमात कळलेला माणूस जगात एकच निघाला, आणि तो म्हणजे तिचे वडील.

बाकीच्यांचं ठरलेलं असायचं. ती म्हणायची, "वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर बातम्यांना खुणा लावते." समोरचा म्हणायचा, "अच्छा!" आणि मग हळूच, "म्हणजे नक्की काय करता?" सासूबाईंनी तर लग्नाला आठ वर्षं झाल्यावरही पाहुण्यांना सांगितलं होतं की सून छापखान्यात असते. नवरा बोटीवर इंजिनियर. सहा महिने घरी, सहा महिने समुद्रावर. तो आपल्या मित्रांना सांगायचा, "कॉम्प्युटरचं काहीतरी," आणि विषय फुटबॉलकडे वळवायचा.

बाबांना तिने सांगितलं ते असं. बातमी माणसाला वाचता येते, पण यंत्राला काही कळत नाही. यंत्र म्हणजे लग्नघरात आलेला परका पाहुणा. कोण कोणाचा कोण, हे त्याला कानात सांगावं लागतं. हा शब्द म्हणजे माणूस, हे गाव, ही तारीख, हा मंत्री, हा आरोपी, हा नुसताच बघ्या. या खुणा बातमीच्या पोटात लावायच्या, वाचणाऱ्याला त्या दिसत नाहीत. प्रत्येक माणसाला एक क्रमांक, प्रत्येक घटनेला एक क्रमांक. तोच क्रमांक जिथे जिथे असेल त्या सगळ्या बातम्या यंत्र एका दोऱ्यात ओवतं. क्रमांकच नसेल तर बातमी असून नसल्यासारखी.

बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे व्हॉल्व्हच की! पाणी सगळं टाकीत आहेच. कोणत्या नळाला सोडायचं, ते तू ठरवायचं."

बाबा छत्तीस वर्षं शहराच्या पाणीपुरवठ्यात पंपचालक होते. तिला ते उदाहरण इतकं चपखल वाटलं की राग आला. ऑफिसात हे सांगितलं असतं तर सगळ्यांनी वा वा केली असती. पण ऑफिसात वडील काय करत होते, हेच तिने कोणाला सांगितलेलं नव्हतं. "सरकारी नोकरीत होते," एवढंच. कोणत्या खात्यात, असं कोणी विचारलंच तर तिला नेमका एक फोन करायचा राहिलेला असायचा.

ऑफिसात त्यांच्या खोलीला खूणघर म्हणत. चार टेबलं, न उघडणारी एक खिडकी, आणि खिडकीपाशी चाळणीबाई. चाळणीबाई म्हणजे विभागप्रमुख. त्यांच्या नजरेतून खडा सुटत नसे म्हणून हे नाव पडलं होतं, आणि ते त्यांनाही माहीत होतं. त्यांचा एक नियम होता. लावलेली खूण काढायची असेल किंवा बदलायची असेल तर शेजारच्या चौकटीत कारण लिहायचं. कोणी, कधी, का, हे सगळं कायमचं नोंदलं जायचं. चौघंही बहुतेक वेळा एकच कारण लिहीत : 'तांत्रिक दुरुस्ती'. त्या दोन शब्दांखाली वाट्टेल ते झाकता येतं.

त्या मंगळवारी शहराच्या नव्या जलशुद्धीकरण केंद्राची बातमी आली होती. मोठा फोटो, महापौरांचं भाषण, रोज इतके कोटी लिटर. ती बातमी शेजारच्या टेबलावर गेली, तिने फक्त शीर्षक पाहिलं आणि नेहमीसारखी नजर बाजूला घेतली. पाण्याच्या बातम्यांकडे कानाडोळा करायची तिची जुनी सवय होती. बातमीच्या खाली यंत्र आपणहून एक चौकट लावतं, 'याआधी काय घडलं' म्हणून. घटनेच्या क्रमांकावरून जुन्या बातम्या गोळा करतं आणि तारखेवार मांडतं. ती चौकट कोणी तपासत नाही. म्हणजे तपासायची असते, पण तपासत नाही.

संध्याकाळी ती घरी आली तर बाबा घरात. ही त्यांची बागेत असायची वेळ. बागेतल्या बाकावर तिघांची बैठक असायची : बाबा, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि एक शिंपी. शिंपी अजूनही मशीन चालवायचा, पण साडेपाचला दुकान मुलावर टाकून बाकावर हजर व्हायचा. पाऊस सोडला तर ही बैठक कधी चुकली नव्हती.

"आज लवकर?" तिने विचारलं.

"गुडघा," बाबा म्हणाले.

गुडघ्याला काही झालेलं नव्हतं, कारण ते स्टुलावर चढून स्वयंपाकघरातल्या नळाची जाळी साफ करत होते. मग खाली उतरले, ग्लास भरला, उजेडाला धरून पाहिला आणि प्यायले. ही त्यांची बावीस वर्षांची सवय. तिला ती सवय अजिबात बघवत नसे. चोराच्या मनात चांदणं, असं तिला दर वेळी वाटायचं. आणि असं वाटलं याची लाज, तीही दर वेळी वाटायची. पण वाटायचं थांबलं नव्हतं.

जेवण झाल्यावर त्यांनी फोन तिच्यासमोर ठेवला. "हे तुमच्याच पेपरात आलंय."

नव्या केंद्राची बातमी. खाली चौकट. चौकटीत एकच ओळ, बावीस वर्षांपूर्वीच्या तारखेची : 'यंत्र ठीक, चूक चालकाची. दूषित पाण्याने दोनशे आजारी, वृद्धेचा मृत्यू.'

तिने ती ओळ दोनदा वाचली.

"नाव नाहीये माझं," बाबा म्हणाले. "पण त्या वेळी चालक कोण होता, हे सगळ्यांना माहीत आहे. शिंप्याला तर आहेच. ती वृद्धा म्हणजे त्याची आई."

"मग? काही बोलले का ते?"

"काय बोलणार? दहा वर्षं शेजारी बसतोय माझ्या. मी त्याला पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. चौकशी झाली, मी सुटलो, पेपरात तसं छापूनही आलं. त्याने विश्वास ठेवला होता. आज म्हणाला, तुझं म्हणणं खरं असेल तर इथे अजून हेच का लिहिलंय? आणि म्हणाला, ते छापलेलं दाखव." बाबांनी फोन उलटा करून ठेवला. "चुकीचं नाही त्याचं. आई गेली आहे माणसाची."

"कात्रण होतं ना तुमच्याकडे?"

"कामावर परत रुजू होताना अर्जाला जोडलं. सरकारी फाइलीत गेलेला कागद परत येतो का कधी?" ते जरा हसले. "पाच ओळींची बातमी होती ग. आतल्या पानावर, कोपऱ्यात. मी तुमच्या वेबसाइटवर किती शोधलं, माझं नाव घालून घालून. मी सापडतच नाही. एखादा माणूस जन्मालाच आला नाही असं. तू बघ ना. तुझ्या हातातलं काम आहे."

'तुझ्या हातातलं काम आहे' हे ते विश्वासाने म्हणाले. तिने मान हलवली आणि भांडी घासायला उठली. भांडी घासायची पाळी त्यांची होती.

ती सोळा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. त्यांची अर्धी वस्ती उलट्यांनी बेजार झाली होती आणि ती स्वतः सात दिवस दवाखान्यात होती. हाताला सलाइन, शेजारच्या खाटेवर एक बाई. त्या बाईने पेपर मोठ्याने वाचला. मुख्य अभियंत्याने म्हटलं होतं की यंत्र ठीक आहे, चालकाने पाण्यात औषधच टाकलं नाही. मग नाव होतं; पूर्ण, आडनावासकट. बाई म्हणाली, "असल्या माणसाला त्याच पाण्यात बुडवायला पाहिजे." नर्स तिच्या हाताची सुई बघत होती. तिने सहज विचारलं, "तुझे वडील काय करतात ग?"

"दुकान आहे," ती म्हणाली.

वडील दाराबाहेर बाकड्यावर बसलेले होते. रात्रंदिवस तिथेच होते. त्यांना ऐकू गेलं की नाही, हे तिला कधीच कळलं नाही. विचारायची तिची छाती झाली नाही.

पुढे वर्षभर बाबा निलंबित होते. मामा इस्त्रीचा शर्ट घालून यायचा आणि त्यांना कोणाकोणाच्या घरी घेऊन जायचा. मामाच्या ओळखी वरपर्यंत होत्या, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मग एक दिवस बाबा जेवताना म्हणाले, "सुटलो. उद्यापासून कामावर." आईला रडू फुटलं. तिने मात्र ताट उचललं आणि आत निघून गेली. मामाचा वशिला फळाला आला, असा अर्थ तिने लावला. सोळा-सतराव्या वर्षी माणूस न्यायाधीश असतो, आणि पुरावे मागत नाही. पण पुढे ती अडतीस वर्षांची झाली तरी तिने तो निकाल पुन्हा उघडला नाही. आई गेली, बाबा तिच्याकडे राहायला आले, रोज तिच्या हातचं जेवत होते, आणि ती रोज मनात म्हणत होती, केलं असेल ते केलं, आता म्हातारे झालेत, जाऊ दे. स्वतःला ती मोठ्या मनाची समजत होती!

पाच वर्षांपूर्वी जुने अंक स्कॅन करून वेबसाइटवर चढवायचं काम निघालं. यंत्र आधी आपल्या अकलेने खुणा सुचवायचं, आणि माणसाने त्या बघून पक्क्या करायच्या. दिवसाला एकशे वीस बातम्या. एके सकाळी तिच्या समोर ती बातमी आली. यंत्राने बाबांच्या नावाभोवती पिवळी चौकट काढली होती आणि शेजारी लिहिलं होतं : माणूस, व्यवसाय, पंपचालक, घटनेशी संबंध, जबाबदार. पक्कं करायचं का?

तिने खूण काढून टाकली. कारणाच्या चौकटीत लिहिलं, 'नाव अस्पष्ट छापलेले'. नाव अगदी स्वच्छ छापलेलं होतं. तिला वाटलं, आपण बाबांना वाचवलं.

हे सगळं तिला आठवत होतं. जे आठवत नव्हतं ते दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी चाळणीबाई मीटिंगला गेल्यावर तिने जुन्या अंकांचं गुदाम कॉम्प्युटरवर उघडलं. नावाने शोधून उपयोग नव्हता, तो रस्ता तिनेच बंद केला होता. म्हणून त्या काळचे अंक एकेक करून पानं उलटत गेली. घटनेनंतर चौदा महिन्यांनी, सहाव्या पानावर, एका विम्याच्या जाहिरातीखाली ती बातमी होती. तिने आधी मजकूर न वाचता नोंद पाहिली. धंद्याची सवय.

नोंदीत लिहिलं होतं : यंत्राने सुचवलेली व्यक्ती-खूण काढली. कारण, नाव अस्पष्ट छापलेले. वर्ग, किरकोळ. पुढे क्रमांक, तो तिचाच. बातमी उघडल्याची वेळ आणि बंद केल्याची वेळ. दोन्हींमध्ये चार सेकंद.

चार सेकंदांत पाच ओळी वाचून होत नाहीत. तिने नाव पाहिलं होतं, 'पाणी' हा शब्द पाहिला होता, आणि माशी झटकावी तशी ती बातमी झटकली होती. पहिल्या दिवसाची मोठी बातमी घटनेच्या क्रमांकामुळे दोऱ्यात राहिली. घटना एवढी गाजलेली, ती लपणार कशी? या छोट्या बातमीत मात्र ना तारीख होती ना भागाचं नाव. दूषित पाण्याची प्रकरणं दरवर्षी दोन-चार व्हायची, त्यांतलं हे कोणतं, हे यंत्राला फक्त बाबांच्या नावावरूनच कळलं असतं. तोच दोरा तिने कापला होता. म्हणजे आरोप तिने लपवला नव्हताच. आरोप पाच वर्षं उघड्यावर होता. तिने लपवली होती ती सुटका.

मग तिने वाचलं.

'पंपचालक निर्दोष. दूषित पाणी प्रकरणी निलंबित पंपचालक', इथे बाबांचं नाव, 'यांना चौकशी समितीने निर्दोष ठरवले आहे. औषध रोज नियमितपणे टाकले जात होते, हे नोंदवही व साठ्यावरून सिद्ध झाले. गटाराशेजारील जलवाहिनीला तडा गेल्याचे त्यांनी घटनेपूर्वी तीन वेळा लेखी कळवले होते, मात्र दखल घेतली गेली नाही. बाधितांमध्ये त्यांच्या मुलीचाही समावेश होता. त्यांना सेवेत पुन्हा रुजू करून घेण्यात आले आहे.'

तीन वेळा लेखी. तिला बाबांचं अक्षर आठवलं. खाली रेघ मारून, तारीख घालून, दूधवाल्याला चिठ्ठी लिहितानासुद्धा. मग तिने चौथी ओळ पुन्हा वाचली. 'त्यांच्या मुलीचाही.' बातमीत ती होती. बारा वर्षांत तिने हजारो माणसांना खुणा लावल्या होत्या, कोण कोणाची मुलगी, कोण कोणाचा भाऊ, आणि एका ठिकाणी ती स्वतः पडून होती, तिने स्वतःच किरकोळ म्हणून फेकलेली. खोलीत कोणी तिच्याकडे बघत नव्हतं, तरी तिने पदर सावरावा तशी ओढणी सावरली आणि खुर्ची भिंतीकडे वळवली.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. बाबांना क्रमांक दिला. दोन्ही बातम्यांना तो लावला. यंत्राने पुन्हा 'जबाबदार' सुचवलं, ते खोडून 'निर्दोष' घातलं. 'मुलगी' या शब्दालाही खूण लावली, नातं, मुलगी, कोणाची, बाबांचा क्रमांक. कारणाच्या चौकटीत कर्सर लुकलुकत राहिला. तिने लिहिलं, 'तांत्रिक दुरुस्ती'.

मीटिंगवरून परतलेल्या चाळणीबाई तिच्या खुर्चीमागे थांबल्या. "बावीस वर्षं जुन्या बातमीत तांत्रिक काय निघालं?"

"स्कॅन अस्पष्ट होतं."

बाईंनी चष्मा वर करून स्क्रीनकडे पाहिलं. स्कॅन आरशासारखं होतं. "बरं," त्या म्हणाल्या, आणि आपल्या टेबलाकडे गेल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

चार वाजेपर्यंत चौकट बदलली. आता तिथे दोन ओळी होत्या, आणि दुसरी होती 'पंपचालक निर्दोष'. तिने बाबांना ती पाठवली. दोन मिनिटांत फोन.

"सापडली!" बाबांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "अग, हीच ती! विम्याची जाहिरातसुद्धा तीच! मला वाटलंच होतं, तू मनावर घेतलंस की सापडणार. कुठे होती ग?"

"घरी आल्यावर सांगते," ती म्हणाली.

वाटेत तिने ठरवलं की सांगायचं नाही. बसमधून उतरल्यावर ठरवलं की सांगायचं. जिन्यात पुन्हा ठरवलं की सांगून काय होणार, म्हातारा माणूस, आनंदात आहे. दार बाबांनीच उघडलं. दाढी केली होती आणि बागेत जायचा शर्ट घातला होता. टेबलावर तिच्यासाठी चहा झाकून ठेवला होता, वर बशी, बशीवर दोन बिस्किटं. ती बिस्किटं पाहून तिचा धीर सुटला.

"बाबा, ती हरवली नव्हती. मी काढली होती."

"काढली म्हणजे?"

"तुमचं नाव. खूण. दोन्ही बातम्यांतून. पाच वर्षांपूर्वी. म्हणून तुम्ही सापडत नव्हता. आणि म्हणून काल चौकटीत फक्त पहिलीच बातमी आली."

बाबा खुर्चीत बसले. त्यांना समजायला वेळ लागला नाही. तिचं काम त्यांना पहिल्यापासूनच नीट समजलेलं होतं. "व्हॉल्व्ह बंद केलास," ते म्हणाले.

"हो."

"काढण्याआधी वाचली होतीस का? ती छोटी?"

"नाही." मग तिने सगळंच सांगितलं, कारण अर्धं सांगणं आता जास्त घाण वाटत होतं. "तुम्हाला मामाने सोडवलं असं मला वाटायचं. मला वाटायचं तुम्ही खरंच औषध टाकलं नव्हतं. तेव्हापासून. कालपर्यंत."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. रागावले असते, ओरडले असते, तर तिला धरायला काहीतरी मिळालं असतं. ते नुसते हिशोब लावत असल्यासारखे दिसत होते, मागची एकेक वर्षं, एकेक जेवण.

"मामा मला वकिलाकडे न्यायचा," ते म्हणाले. "नोंदवहीच्या नकला काढायला." आणि मग, "मला वाटायचं, लोकांना सांगायचं राहिलंय. घरात सांगावं लागेल, हे कधी डोक्यातच आलं नाही."

तिला रडू आलं. त्यांनी तिला जवळ घेतलं नाही. थोड्या वेळाने ते उठले, चपला घातल्या आणि दाराशी थांबले.

"चहा निवतोय. पी, आणि चल. शिंपी वाट बघत असेल. तूही ये."

"मी कशाला?"

"मी मघाशीच फोन करून सांगितलंय त्यांना, माझ्या मुलीने शोधून काढली म्हणून."

बागेत बाकावर दोघंही होते. शिंप्याने बातमी आधीच वाचलेली होती. पोस्टमास्तरांनी ती त्याला दोनदा वाचून दाखवली होती. बाबांना येताना बघून शिंपी उभा राहिला. काहीतरी बोलायला गेला, ते जमलं नाही, म्हणून त्याने बाबांच्या शर्टाची चुरगळलेली कॉलर सरळ केली आणि त्यांना मधली जागा दिली. तिला वाटलं, झालं, इथेच संपू दे.

पण पोस्टमास्तर संपू देणाऱ्यांतले नव्हते. "वा! पोरीने नाव काढलं!" ते म्हणाले. "बावीस वर्षांचा कागद एका दिवसात हजर. आमच्या पोस्टातसुद्धा असा माणूस नव्हता."

"अगदी खरं," शिंपी म्हणाला. त्याने तिच्यापुढे हात जोडले. सत्तरीचा माणूस, बोटांना सुईचे घट्टे पडलेले. "मी काल तुझ्या बापाला नको ते बोललो. तू नसतीस तर मी तसंच धरून मेलो असतो. तुझे उपकार आहेत."

ती उभी होती. जमीन दुभंगावी असं लोक म्हणतात, ते उगीच म्हणत नाहीत.

"पण मला एक सांगा," पोस्टमास्तर म्हणाले, "एवढी पाच वर्षं सगळे जुने अंक तिथे चढवलेत म्हणतात. मग हीच एक बातमी कशी दिसत नव्हती?"

बाबा चटकन म्हणाले, "यंत्राची चूक होती. काहीतरी बिघाड. हो ना ग?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षांत नोंदवहीत एक खोटी ओळ न लिहिलेला माणूस तिच्यासाठी खोटं बोलत होता, आणि ते त्याला नीट येतही नव्हतं. बोलताना तो चपलेच्या टोकाने माती उकरत होता. दवाखान्यातल्या बाकड्यावरून त्यांना ते ऐकू गेलं होतं, हे तिला त्या क्षणी कळलं. कसं कळलं, सांगता येणार नाही. 'दुकान आहे' हे त्यांनी ऐकलं होतं, आणि तेव्हाही त्यांनी तिला असंच सांभाळून घेतलं होतं.

"नाही काका," ती शिंप्याला म्हणाली. "यंत्र ठीक होतं. चूक माझी होती. मला बाबांची लाज वाटत होती, म्हणून मी त्यांचं नाव काढलं. बातमी वाचलीसुद्धा नाही."

शिंप्याचे जोडलेले हात हळूहळू खाली आले. समोरच्या नळाखाली कोणीतरी बाटली भरत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

बाबांनी मान खाली घातली. त्यांचं नाव पेपरात छापून आलं होतं, लोक दारावर दगड मारून गेले होते, तेव्हाही तिने त्यांना मान खाली घातलेलं पाहिलं नव्हतं.